ओव्हरला मराठीत काय म्हणायचं

आमच्या घरात कुठलीच वस्तू संपत नसे. तांदळाचा डबा रिकामा झाला की सासूबाई म्हणायच्या, "तांदूळ वाढले." तेल वाढलं, मीठ वाढलं, देवापुढचा दिवासुद्धा विझत नसे, वाढत असे. 'संपलं' हा शब्द उंबऱ्याच्या आत आणायचा नाही. नवी सून म्हणून आले तेव्हा मी "साखर संपली" म्हणून बसले. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू साखरेचा जीव मीच घेतला.

साठच्या दशकात एका चक्रीवादळानंतर आमच्या बेटावरच्या मोंतान्य ब्लांश गावाची निम्मी घरं पत्र्यांवाचून उभी होती आणि आम्ही सगळे शाळेत राहायला आलो होतो. गावातल्या मदतपथकाकडे हातात धरून बोलायचे दोन रेडिओ होते. विटेएवढे, वर एक लांब काठी. तार नाही, काही नाही, पण मध्ये डोंगर आला नाही तर मैलभर ऐकू जायचं. एक पथकाबरोबर फिरायचा, दुसरा शाळेत. मी सरकारी कचेरीत टायपिस्ट. तेव्हा मला यंत्रातलं सगळं कळतं, असा गावाचा समज होता आणि मीही तो मोडला नव्हता. शाळेतला रेडिओ माझ्याकडे आला. कुणी बघत नसलं की मी तो उलटापालटा करून फट शोधायची. आवाज आत शिरतो तरी कुठून?

एका वेळी एकानेच बोलायचं, हा त्याचा नियम. बटण दाबा, बोला, शेवटी 'ओव्हर' म्हणा, बटण सोडा आणि मग समोरच्याचं ऐका. आमच्या कुटुंबाला हे पहिल्यांदाच करून बघायचं होतं.

पथकाचा रेडिओ मामांकडे होता. मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. दर रविवारी देवळात मराठीचा वर्ग घ्यायचे. आपण आपसांत 'ओव्हर' कशाला म्हणायचं, बघतो एखादा आपला शब्द, असं पुटपुटत ते निघाले होते.

वादळ शमल्यावर सकाळी सासूबाई शाळेतून नाहीशा झाल्या. गाय बघायला घरी गेल्या असणार. मागोमाग निरोप आला की घराची भिंत पडली. मामांचं पथक तिकडे धावलं. सासरे माझ्याशेजारी बाकावर येऊन बसले.

रेडिओ खरखरला. "आलो, आलो," मामा म्हणाले, इथल्या क्रेओल बोलीत फोनवर 'हॅलो'ला म्हणतात तसं.

"कुठवर आला?" सासऱ्यांनी घाईने विचारलं. ते अर्थात तिकडे ऐकू गेलं नाही.

"आक्का सापडली," मामांचा आवाज आला. "भिंतीखाली होती. बाहेर काढली. संपलं."

मग नुसती खरखर.

सासऱ्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मागे एक बाई रडू लागली. तिकडे मामा माझ्या उत्तराची वाट बघत होते आणि इकडे मी, यावर माणसाने काय उत्तर द्यायचं, ते शोधत होते. नियम मात्र दोघंही चोख पाळत होतो.

अखेर सासऱ्यांनीच माझं बोट बटणावर दाबलं. "कशी गेली, ते विचार."

मी विचारलं. ओव्हरसुद्धा म्हटलं.

"कुठं गेली?" मामा म्हणाले. "ही काय, पाय धरून बसलीय आणि मला शिव्या देतेय. अगं, ओव्हरला मी संपलं म्हणतोय. संपलं."

रेडिओ पुन्हा खरखरला, कुणीतरी हिसकावल्यासारखा.

"सूनबाई, पाय मोडला वाटतं. गाय बरी हाय. चहा ठेव." सासूबाईंनी बटण सोडलं नव्हतं, त्यांची धाप ऐकू येत होती. मागून मामा शेवटचा शब्द म्हणायला सांगत होते. "तसलं म्या म्हणायची न्हाय," त्या त्यांच्यावर खेकसल्या, आणि मग यंत्रात नीट, सावकाश म्हणाल्या, "वाढलं."

सासऱ्यांनी टोपी घातली.

मी बटण दाबलं. चहा ठेवते म्हटलं, आणि ओव्हर काही तोंडातून निघेना. "वाढलं," मी म्हणाले.

मग साखर शोधायला उठले. तीही वाढली होती.