सगळ्या जगांत गरीब मीच

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आम्ही चौघे दर रविवारी दुपारी वर्गातल्या एकाच्या मुलुंडच्या ब्लॉकवर खेळायला बसायचो. त्याच्या मामाने अमेरिकेहून नियमांचं एक पुस्तक पाठवलं होतं. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, त्याच्या तोंडून बोलायचं आणि काही धाडस करायचं झालं की तीन फासे टाकायचे. गोष्ट राजवाड्यातली असो की अंतराळयानातली, नियम तेच.

ज्याचा ब्लॉक, गोष्ट तोच चालवायचा आणि पात्रंही तोच वाटायचा. राजवाड्यात मी घोड्यांचा मोतद्दार झालो, यानात झाडूवाला, खुनाच्या तपासात बंगल्याचा वॉचमन.

"तू गरीबच घे रे, तुला जमतं," तो म्हणायचा आणि बाकीचे दोघे हसायचे. माझे वडील गिरणीत होते आणि आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच, हे तिघांनाही ठाऊक होतं.

एका रविवारी मी पुस्तक ओढून घेतलं आणि मोठ्याने वाचलं. गरीब पात्र घेणाऱ्याला बदल्यात जादा गुण मिळतात, ते बुद्धीवर नाहीतर ताकदीवर लावता येतात. मला ते एकदाही मिळाले नव्हते.

"एवढी अक्कल आहे ना, मग तूच चालव," तो म्हणाला.

मी चालवायला घेतलं. त्याच्या पात्राच्या कागदावर 'गरीब' लिहिलं आणि जादा गुणही लिहिले.

"ए, मी का गरीब?"

"गुण दिलेत ना पूर्ण?"

त्याने कागद फाडला आणि पुस्तक कपाटात टाकून कुलूप लावलं. मी चपला घातल्या. बाकीच्या दोघांपैकी एकही जागचा उठला नाही. मी त्या घरी परत गेलो नाही.