भुरीबाईचे ढावलो

भुरीबाईकडे माझं लक्ष पहिल्यांदा गेलं ते १९५७च्या उन्हाळ्यात, दारव्ह्याजवळच्या बंजारा तांड्यावर, एका लग्नात. मी तिथल्या शाळेवर नवा होतो. सासरी निघालेली जमना बापाच्या गळ्यात पडून ढावलो गात होती. ढावलो म्हणजे नवरीनं रडत रडत माहेराचा निरोप घ्यायचं गाणं. तिच्या मागे उभी असलेली एक बाई नुसते ओठ हलवत होती, नवरीच्या एक ओळ पुढे.

त्या तांड्यावर प्रत्येक पोरीचा ढावलो वेगळा असे. तो भुरीबाई रचायची आणि लग्नाआधी पोरीला शिकवायची. त्यात बापाचं नाव, गायीचं नाव, कोणत्या भावाशी भांडण झालं तेही. एकीचा ढावलो दुसरीनं गायचा नाही, अशी रीत.

"म्या मेल्यावर हे कोणाले याद राहीन, गुरुजी?" असं ती एकदा म्हणाली. मग ती गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, सांगू लागली आणि मी लिहून घेऊ लागलो. यवतमाळच्या एका प्रकाशकानं ते कागद ठेवून घेतले.

वर्षभरानं त्यानं छपाईचा नमुना दाखवायला बोलावलं, तेव्हा मी भुरीबाईला सोबत नेलं. मी तिला वाचून दाखवू लागलो. सगळी नावं गेली होती. जमनाच्या जागी 'सखी', तिच्या बापाच्या, धावजीच्या जागी 'बाबा'.

"बाई, नावं काढली की कोणत्याही नवरीला चालतं," प्रकाशक म्हणाला. "तुमच्या तांड्यातली गाय कोण विकत घेईल?"

"गाय इकाले नाही आणली, भाऊ. नावं घाला, नाही तं कागद वापस द्या."

मी मध्ये पडलो. बाकी गाणं तर तुझंच राहतं ना, म्हटलं.

"उद्या तुमच्या खुर्चीवर नुसती टोपी ठेवली, तं पोरं नमस्ते करतीन का?"

कागद घेऊन आम्ही परतलो. पण त्याच्याकडे खिळे जुळवलेले होतेच; पुढच्या वर्षी दारव्ह्याच्या बाजारात ते पुस्तक आलंच, नावांवाचून, भुरीबाईच्याही. चार तांडे सोडून एका लग्नात नवरीनं जमनाचा ढावलो गायला. जमनाची आई भुरीबाईच्या दारात येऊन बसली.

"माह्या पोरीचं रडणं तू बाजारात काहून नेलं?"

त्यानंतर भुरीबाईनं कुणासाठी ढावलो रचला नाही.

आता तांड्यावरच्या पोरीही पुस्तकातूनच शिकतात. भुरीबाई मुलाच्या घरी असते, शेळ्या राखते. लग्नाचं बोलावणं आलं की जाते, जेवते, आणि नवरी निघायच्या आधी घरी येते.