टाकेबाईंचा गुडघा

"मी म्हणते म्हणून नव्हे, टेप म्हणते म्हणून." हे टाकेबाईंचं आयुष्यभराचं पालुपद. कपडे शिवून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राहिलं, की त्या कमरेभोवती टेप तशीच धरून ठेवत. माणूस श्वास किती वेळ कोंडणार? तो सुटला की खरं माप हाती येई.

उजवा गुडघा बदलायची वेळ आली, तेव्हा डॉक्टरांनी पडद्यावर त्यांचंच हाड फिरवून दाखवलं. कुठून किती कापायचं ते कॉम्प्युटरवर आधीच आखलेलं. टाकेबाईंनी चष्मा पुसून निरखलं आणि नणंदेला म्हणाल्या, "वन्सं, हा माणूस आधी बेततो, मग कापतो. होऊ दे."

ऑपरेशन नीट झालं. घरी सोडताना गुडघ्याला बांधायचा एक पट्टा दिला. गुडघा किती वेळा वाकला ते पट्टा मोजणार, आकडा मोबाइलवरून दवाखान्यात जाणार. सहा आठवड्यांत गुडघा काटकोनात वाकला नाही, तर पुन्हा भूल देऊन वाकवावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. टाकेबाईंनी मनाशी खूणगाठ बांधली: ऑपरेशनच्या टेबलावर पुन्हा जायचं नाही.

आकडे झकास येऊ लागले. दिवसाला हजार, बाराशे. नणंद मोबाइल घेऊन शेजारपाजारी मिरवून आली.

चौथ्या आठवड्यात दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने व्हिडिओ कॉल लावला. मोबाइल डब्याला टेकवायला सांगून टाकेबाईंना एका बाजूने बसवलं, पाय मागे ओढायला सांगितला आणि पडद्यावरच कोन मोजला. सत्तर अंश. पुन्हा मोजला. सत्तरच.

"मावशी, हजार वेळा वाकवता तो कसा, दाखवा बरं."

टाकेबाई शिवणाच्या मशीनवर जाऊन बसल्या आणि पायडल मारू लागल्या. गुडघा चार बोटं हलायचा आणि परत यायचा. वाकणं थोडं की पुरतं हे पट्ट्याला कळत नव्हतं, तो प्रत्येक झोका मोजत होता.

"वहिनी, व्यायाम केलात की उशांचे अभ्रे शिवलेत?" नणंदेने विचारलं.

"दोन्ही," टाकेबाई हळूच म्हणाल्या. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची खोटी मापं पकडली होती.

त्या दुपारी त्यांनी मशीन कापडाने झाकून ठेवलं. खुर्ची भिंतीला लावली, कापडावर खुणा करायच्या खडूने फरशीवर रेघ ओढली. टाच रोज त्या रेघेच्या मागे न्यायची. डोळ्यांतून पाणी यायचं, ओठ दाताखाली असायचे. नणंद टाच कुठवर गेली ते टेपने मोजायची आणि म्हणायची, आज पुरे झालं.

"टेप काय म्हणते?"

"कालच्याइतकंच."

"मग अजून एकदा."

दिवसाचा आकडा आता तीस, चाळीस. नणंदेचं मिरवणं बंद पडलं. फरशीवरच्या रेघा मात्र बोट बोट मागे सरकत गेल्या.

सहावा आठवडा संपायला दोन दिवस उरले असताना मुलीने कोन मोजला आणि ब्याण्णव असं सांगितलं. नणंदेने टाळी वाजवली. टाकेबाई जागच्या हलल्या नाहीत.

"पुन्हा मोज, पोरी. मी श्वास सोडून बसते."

पुन्हा ब्याण्णव.

मग त्यांनी अभ्र्यांची चळत काखेत घेतली. गिऱ्हाईक महिनाभर खोळंबलं होतं. काठी दारामागेच राहिली. तीन पायऱ्या एकेक करत उतरून त्या रस्त्याला लागल्या, मागे न बघता. नणंद उंबरठ्यावर उभी होती, हातातला मोबाइल रस्त्याकडे वळवून. आणि त्यात ती मुलगी, पुढच्या पेशंटला थांबवून, पाठमोऱ्या टाकेबाई वळणाआड होईतो बघत राहिली.