फुरशाची पिशवी

फुरसं डसलं ते मुलीच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला. वजन करायला तिने पिशवी उचलली, तोंडाची गाठ आपसूक सुटली आणि ते वीतभर जनावर उसळून बाहेर आलं. गाठ मी बांधली होती.

ती मुलगी सापांचा अभ्यास करायला पुण्याहून यायची. आमच्या भाजे गावाच्या वरच्या पठारावर दगड उलटून फुरशी शोधायची, कापडी पिशवीत घालायची, लांबी-वजन वहीत लिहायची, शेपटीला रंगाचा ठिपका द्यायची आणि त्याच दगडाखाली परत सोडायची. जागा दाखवायला मी सोबत असायचे. मी चौथी शिकलेली, पण कुठल्या दगडाखाली काय असतं हे मला ठाऊक होतं. पिशवी कशी बांधायची ते मात्र तिने मला तीनदा सांगितलं. तोंड पिळा, दुमडा, मग करकचून गाठ मारा. मला राग आला. सत्तरी ओलांडलेल्या बाईला ही पोर गाठ शिकवणार. मी भाकरीच्या फडक्याला मारते ती सुरगाठ मारली. शेतात एका हाताने ओढली की सुटते, तीच.

मुलगी बोट धरून खाली बसली. फुरसं तिथेच वेटोळं घालून अंग घासत करकरत होतं. मी धोंडा उचलला.

"मारू नका मावशी, तिच्या पोटात पिल्लं आहेत."

मी मारलं. चूक माझी होती आणि धोंडा त्याच्यावर पडला.

उतरताना ती स्वतःलाच बोल लावत होती, गाठ माझीच सैल राहिली म्हणत होती. मी तिचा दंड धरून चालत होते. गावातल्या जीपने मी तिला तळेगावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनाही तिने तेच सांगितलं. हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. तिची आई आली आणि माझे हात धरून म्हणाली, तुम्ही होतात म्हणून पोर वेळेत पोचली. तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. चहा दिला तो प्यायले.

तिसऱ्या दिवशी ती उठून बसली. आई औषधं आणायला गेली तेव्हा मी म्हणाले, "गाठ म्या मारलीती. सुरगाठ."

"माहीत आहे मावशी," ती म्हणाली. "मला सुरगाठ येतच नाही."

तीन दिवस मी तिच्या उशाशी बसून होते आणि तिला माहीत होतं.

मुलगी वाचली. फुरसं पिल्लांसकट मेलं.