किल्ल्यावरची गिटार आणि माझा शेरा

किल्ल्यावर वीज नव्हती, मग गिटार लावली कशात? हा माझा पहिला प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मला आजतागायत कुणी दिलेलं नाही.

पिक्चर तीनशे वर्षांपूर्वीचा. खाडीकाठचा किल्ला, घोडे, मशाली, पागोटी, सगळं कसं तोलूनमापून. नथीतला मोती त्या काळचा आहे की नाही यावर म्हणे केवढा अभ्यास केला होता. आणि गाणी? ड्रम, बास, इलेक्ट्रिक गिटार, मध्येच रॅप. म्हणजे वर नऊवारी आणि खाली स्पोर्ट्स शूज. आमच्या सेक्टरच्या गार्डनमध्ये सकाळी ज्या बायका झुंबा करतात, त्यांनी या पिक्चरचं युद्धगीत उचललं. तिकडे शत्रू तटाला शिड्या लावतोय आणि इकडे या कंबरा हलवतायत. मी फिरायची वेळ बदलली.

एवढ्यावर मी विषय सोडूनही दिला असता. पण त्या पिक्चरच्या आठ गाण्यांपैकी एकात माझी मुलगी गायली होती.

ती ऐरोलीला एका आयटी कंपनीत होती. पगार चांगला, ऑफिसात एसी, न्यायला-सोडायला गाडी. गेल्या वर्षी एका संध्याकाळी घरी आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "बाबा, मी नोकरी सोडली. मला एक वर्ष गाऊन बघायचंय." त्यावर मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी तह झाला तो असा: एक वर्ष, एक दिवस जास्त नाही. वर्ष संपायला आणि कंपनीनं परत बोलवायला एकच गाठ पडली. सोमवारपासून ये म्हणाले. त्याच आठवड्यात हा पिक्चर लागला, आणि रविवारी दुपारी मुलगी फोन आणि स्पीकर घेऊन माझ्यासमोर येऊन बसली.

"बाबा, तू ऐक आणि खरं सांग. माझ्यात काही नाय असं वाटलं तर उद्या मी ऐरोलीला जाते. परत विषय काढणार नाय."

आता मी कोण, तर सीबीडी बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत उभी हयात टिपण्या लिहिण्यात घालवलेला माणूस. माझ्या टेबलावरून गेलेल्या फाइलीत ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दाखवा, चहा पाजतो. साहेब लोक मसुदा माझ्याकडे पाठवायचे, वर लिहायचे, 'भाषा तपासावी'. एवढा मान. तेव्हा मी मुलीला म्हणालो, तुझं गाणं कुठलं ते सांगू नकोस, नाहीतर शेरा निःपक्षपाती राहणार नाही. कोरा कागद घेतला, समास आखला आणि एक ते आठ आकडे घातले. ती हसली. मला त्या हसण्याचाही राग आला.

बायको तिथंच जमिनीवर कोलंबी सोलत बसली होती. तिच्याबद्दल सांगायला हवं. ती धवलारीण आहे. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. मांडव, हळद, तेल, एकेका विधीला एकेका देवाला गाऊन बोलवायचं, ते काम तिचं. त्या गाण्यांना धवले म्हणतात. नावड्याकडच्या गावांत लग्न निघालं की हिला फोन येतो, ही मेट्रोनं जाते आणि गळा बसेपर्यंत गाते. मुलगी लहानपणी तिच्या पदराला धरून जायची. मी मांडवाबाहेर पुरुषांत खुर्ची टाकून बसायचो. आत बायका काय गातात ते मी कधी कान देऊन ऐकलं नाही, आणि त्याचं मला काही वाटतही नव्हतं.

तर गाणी सुरू झाली.

पहिलं किल्ल्यावरच्या पहाटेचं. चौघडा वाजेल म्हणून मी सरसावून बसलो तर गिटार अशी किंचाळली की बायकोच्या हातातली कोलंबी उडाली. समासात लिहिलं: 'विद्युतपुरवठ्याचा खुलासा व्हावा.'

दुसरं ते झुंबावाल्यांचं युद्धगीत. त्यात एक मावळा रॅप करतो. काय बोलतो देव जाणे. मी तीनदा मागे घ्यायला लावलं, तेव्हा मला एक शब्द कळला, तो 'भावा'. तीनशे वर्षांपूर्वी तलवार उपसून कुणी 'चल ना भावा' म्हणालं असेल तर मी मिशी काढतो. लिहिलं: 'अर्थबोध होत नाही.'

तिसऱ्यात राणी एकटी सज्जात बसून विडा लावते. पाठीमागे पियानो, आणि पुढं कुणीतरी पुरुष इंग्रजीत उसासे टाकतो. राजा मोहिमेवर, मग हा सज्जात कोण? मी मोठ्यानं विचारलं. बायको पदरात तोंड घालून हसली.

मुलगी मात्र हसली नाही. म्हणाली, "बाबा, तुझ्या आवडत्या जुन्या ऐतिहासिक पिक्चरांत पेटी वाजते ना? पेटी तर गोऱ्यांनी आणली. तीनशे वर्षांपूर्वी कुठं होती?"

आता हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण पेटी कानाला आपली वाटते, गिटार वाटत नाही, हे काय उत्तर झालं? मी म्हणालो, "मुद्दा विषयाबाहेरचा आहे. पुढचं लाव."

चौथं गाणं निघालं आणि मला बरं वाटलं. साधं, संथ, मागे नुसता तंबोऱ्यासारखा काही आवाज. मुलीचाच आवाज, नितळ. आणि उच्चार! 'चरण', 'शरण', 'क्षण', प्रत्येक ण असा टाळूला जीभ लागून सुटलेला, की शाळेत लावावं. मी मनात म्हटलं, हीच आमची. माझ्या घरात वाढलेली पोर असंच गाणार. लिहिलं: 'उत्तम. शिफारस करण्यात येत आहे.' आणि तिच्याकडे बघून मान हलवली. ती खाली बघत होती. लाजली असेल, असं मी धरलं.

मग पाचवं. किल्लेदाराच्या मुलीची हळद. ढणाढणा ड्रम, त्यावर बास, पोटात ढवळून यावं इतका. आणि त्या गदारोळातून एक बाई फाटक्या, उघड्या आवाजात ओरडल्यासारखं गायला लागली:

'चांदीच्या तांब्यान आनलं गो पानी, हलदीच्या अंगावर वतलं गो पानी.'

माझं डोकं सणकलं. आनलं. पानी. हलद.

ते का सणकलं ते सांगतो. मी नोकरीला लागलो तेव्हा मीही 'पानी'च म्हणायचो. आमच्याकडे ण नाहीच, सगळा नचा कारभार. पहिल्याच आठवड्यात साहेबांच्या केबिनमध्ये मी म्हणालो, "पानी आनू का साहेब?" आणि तिथं बसलेल्या तिघांनी एकमेकांकडे बघून जे तोंड केलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. एक जण म्हणाला, "आण की. पण ण आण." पुढं वर्षभर मी जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभा राहून 'बाण, पाणी, लोणी, कोण' घोकत असे. आणली जीभ ठिकाणावर. आणि आता या गिटारवाल्यांनी तेच 'पानी' उचलून गावरान तडका म्हणून विकायला काढलं. यांना काय, दोन महिन्यांची फॅशन. त्या 'पानी'साठी तोंड कुणाचं काळं झालं ते यांना कुठं माहीत!

मी पेन दाबून लिहिलं: 'गायिका अशिक्षित वाटते. गायिकेस 'ण'चा उच्चार येत नाही. शब्द गावंढळ. सबब गायिका बदलण्यात यावी.' खाली दोन रेघा मारल्या. उरलेल्या तीन गाण्यांवर मी शाई वाया घालवली नाही. एकच ओळ: 'वरीलप्रमाणे.'

सही केली आणि कागद मुलीच्या हातात दिला. वर म्हणालो, "चौथं तुझं. ते चांगलं आहे. पण ज्या पिक्चरात असली पाचवी भुतं आहेत तिथं कशाला राहायचं? तू सोमवारी ऐरोलीला जा."

तिनं कागद वाचला. तसाच आईपुढं धरला. बायकोनं हात पुसले, सातवीपर्यंत शिकलेली ती, बोट ठेवून ठेवून वाचायला लागली. पाचव्या आकड्याशी आली आणि मोठ्यानं वाचलं, "'गायिकेस न चा उच्चार येत नाही.'" मग मान वर करून म्हणाली, "यतो की तिना न. चांगला यतो. कोन बोलतो नाय यत?"

"न नाही, ण!" मी ओरडलो.

"तेच तं वाचलं. न."

एरवी या गोष्टीवर आम्ही तिघं आठवडाभर हसलो असतो. मुलगी म्हणाली, "बाबा, पाचवं माझं आहे. चौथ्यातली दुसरी कुणी आहे, मी तिला ओळखत पण नाय."

मी म्हणालो, "हा तुझा आवाज नाही."

"माझाच आहे. तुझ्यापुढे मी या आवाजात बोलत नाय, एवढंच." मग ती शांतपणे सांगत गेली. पहिल्यांदा तिनं सगळे ण आणि ळ स्वच्छ म्हटले होते. पाणी, आणलं, हळद. "कारण तू ऐकणार होतास. तो संगीतवाला म्हणाला, हे काय शाळेच्या गॅदरिंगसारखं? तुझ्या आईनं शिकवलंय ना, मग तिच्यासारखं म्हण. मग मी तिथूनच आईला फोन लावला. तिनं फोनवर धवला म्हटला आणि मी तिच्या मागोमाग म्हटला. बाबा, हा आईचा हळदीचा धवला आहे. तू ओळखलाच नाय."

ओळखणार कसा? मी बाहेर खुर्चीवर बसलेला असायचो ना.

बायको रागावली असती तर मला बरं वाटलं असतं, भांडता आलं असतं. ती परत कोलंबी घेऊन बसली आणि खाली बघूनच बोलली. "तुमच्या हापिसची मानसं यवाची, तवा तुमी मना सांगाचे, च्या दे न आत जा, तोंड उघरू नको. मी गेलू आत. इतकी वर्सं गेलू. पन हिना नाय पाठवाची आत."

मी असं सांगायचो का? सांगायचो. दर वेळी सांगायचो. तिला वाईट वाटत असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, आणि आलं असतं तरी मी सांगितलंच असतं, इतकी मला त्या तीन माणसांच्या तोंडाची धास्ती होती. ज्यांनी मला हसून घेतलं त्यांच्या बाजूनं मी माझ्या घरात एवढी वर्षं पहारा दिला. थू माझ्या शुद्धलेखनावर.

मी कागद परत मागितला. कचेरीत एकदा लिहिलेली टिपणी खोडता येत नाही. चूक झाली असेल तर खाली नवीन टिपणी लिहावी लागते. मी पेन उघडून बसलो. 'फेरविचारांती' एवढं लिहिलं आणि पुढं शब्द येईना. मुलीनं कागद माझ्या हातातून काढून घेतला, म्हणाली, "राहू दे, बाबा." घडी घालून स्वतःच्या खोलीत गेली.

सोमवारी ती ऐरोलीला गेली नाही. सकाळी गॅलरीत उभी राहून तिनं कंपनीला फोन केला, दोन मिनिटांत विषय संपवला आणि आईबरोबर पोहे खाल्ले. माझ्या शेऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणी केराची टोपली दाखवली, आणि टोपली बरोबर जागी होती.

गिटारीबद्दल माझं मत आहे तेच आहे. पाचवं गाणं मी त्यानंतर एकट्यानं पुष्कळदा ऐकलं. ड्रम नसते तर जास्त चांगलं झालं असतं, हे मी आजही कुणालाही लिहून देईन. पण त्या ड्रमांतून 'आनलं गो पानी' येतं तेव्हा मला हॉलमध्ये बसवत नाही, मी उठून गॅलरीत जातो.

तिला आता दुसरं काम मिळालंय, असाच कुठलातरी जुन्या काळचा पिक्चर. परवा दुपारी दोघी स्वयंपाकघरात फोन मध्ये ठेवून काहीतरी ऐकत होत्या. बायको मध्येच थांबवायची, एखादा शब्द म्हणून दाखवायची, मुलगी तो पुन्हा म्हणायची. मी दारात जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "मलाही ऐकव की."

तिनं फोन उपडा ठेवला. आवाजात राग नव्हता, रुसवा नव्हता, एखाद्या पाहुण्याशी बोलावं तशी बोलली.

"तुम्हाला नाही आवडणार, बाबा."

आमच्यात बापाला तू म्हणतात. ऑफिसची माणसं आली की बापाला तुम्ही म्हणायचं, असं मी तिला लहानपणी दटावून दटावून थकलो होतो. तिनं कधी म्हटलं नव्हतं.