पाठीवर दोन थापा

माझे सासरे रंगनाथअण्णा. नाशिकच्या तांबट आळीत त्यांनी पंचेचाळीस वर्षं तांबं ठोकलं. हंडे, घागरी, आंघोळीचे बंब. अकराव्या वर्षी वडिलांनी हातात हातोडी दिली, ती हाताच्या शिरा आखडेपर्यंत सुटली नाही.

मी कळवणची. चौऱ्याण्णव साली लग्न होऊन या घरात आले, तेव्हा पहिले आठ दिवस मला वाटायचं, ही माणसं एकमेकांवर चिडलेली आहेत. मीठ मागायचं तरी ओरडून! सकाळपासून आळीत ठकठक सुरू, त्यात शब्द पोचायचा नाही, म्हणून निम्मं बोलणं हातांनी चालायचं. आणि पाठमोऱ्या माणसाला तर हाक मारायचीच नाही, पाठीवर थाप मारायची. नव्या सुनेच्या पाठीवर सासू धपकन हात मारते, हे बरं दिसतं का? पण आळीची रीतच ती.

पुढे स्टीलनं हंडे खाल्ले आणि गिझरनं बंब. अण्णांची भट्टी थंड झाली. मग त्यांना एकच काम उरलं, माझी लेक स्नेहा. तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून रविवार कारंजाच्या गजबजलेल्या चौकातून शाळेत न्यायचं आणि आणायचं. त्यासाठी सायकल रोज पुसायची, धोतर इस्त्रीचं नेसायचं. येताना दोघं चोरून भेळभत्ता खायची आणि मला वाटायचं, पोरगी जेवत का नाही मेली! पण खरं सांगते, माझा जीव निश्चिंत होता. आजोबांबरोबर आहे म्हटल्यावर मी घड्याळाकडे बघायचे नाही.

दोन हजार चारचा मे महिना. माझा नवरा समाधान सातपूरला कारखान्यात. त्याला आठ दिवस रजा मिळाली आणि त्यानं ठरवलं, अण्णांना ताडोबाला वाघ दाखवायचा. एवढ्या उन्हात? मी म्हटलं, वाघाला तरी सुट्टी द्या. पण उन्हाळ्यातच तो पाण्यावर येतो म्हणे. निघालो सगळे.

जंगलात संध्याकाळची फेरी होती. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून गाईडनं, चंदर त्याचं नाव, त्यांना पुढे ड्रायव्हरजवळ बसवलं. मागे आम्ही तिघं, स्नेहा आणि चंदर. सासूबाई कुरकुरल्या, "मला यांच्याजवळ बसू दे." मी म्हटलं, "आई, दोन तास लांब बसलात तर काय बिघडतं?" तेव्हा मला काय माहीत!

एका पाणवठ्यावर जीप बंद करून चंदर कुजबुजला, "आता कुणी बोलू नका. चितळ ओरडतंय. जवळच आहे तो." आम्ही श्वास रोखले. आणि अण्णा खणखणीत आवाजात म्हणाले, "इथं कशाला थांबलाय? काही तर नाही!"

समाधाननं तोंडावर बोट ठेवलं. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. शेजारच्या जीपमधली माणसं वळून वळून बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारपणी माणूस हट्टी होतो, एवढंच मी मनात म्हटलं. वाघ काही आला नाही.

तळ्याकाठी चौकी होती, तिथं खाली उतरू देत. अण्णा लघवीला म्हणून बांबूंकडे गेले. सांगितलं होतं त्यापेक्षा बरेच लांब गेले. आणि त्यांच्या डाव्या हाताला, तीस-चाळीस पावलांवर, बांबू हलले. अस्वल! मागे पिल्लू.

"आजोबा, मागे या!" चंदर ओरडला. समाधान ओरडला. ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला. अण्णा पाठमोरे, धोतर सावरत, शांत उभे. मान वळवायलाही तयार नाहीत.

तेवढ्यात माझ्या हातातून स्नेहाचा हात सुटला. सहा वर्षांची पोर, सरळ तिकडेच पळत सुटली! मी पळाले, चपला कुठे गेल्या माहीत नाही. आमच्या सगळ्यांच्या आधी ती पोचली, आणि तिनं ना हाक मारली, ना धोतर ओढलं. अण्णांच्या पाठीवर हात पोचेल तिथं तिनं दोन थापा मारल्या.

अण्णा जागच्या जागी गोठले. मग वळले, आमचे चेहरे पाहिले, आणि पोरीला उचलून छातीशी धरलं. चंदर काठी आपटत पुढे गेला. अस्वलानं एकदा फुसकारा टाकला आणि पिल्लाला घेऊन बांबूत शिरलं.

मी स्नेहाला हिसकावून घेतलं आणि एक धपाटा घातला. "तू कशाला पळालीस गं?"

ती रडत रडत म्हणाली, "आजोबांना पाठीवरच सांगावं लागतं ना! एक थाप म्हणजे मागून गाडी. दोन थापा म्हणजे थांबा."

"कुठे सांगावं लागतं?"

"सायकलवर. रोजच. आजोबा म्हणाले, घरी सांगायचं नाही."

रविवार कारंजावरचे ट्रक, रिक्षा, बस, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. दोन वर्षं माझी पोरगी त्या गर्दीत एका बहिऱ्या माणसाचे कान होऊन मागे बसत होती. आणि मी निश्चिंत!

मुक्कामाच्या खोलीवर मी सासूबाईंना गाठलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"दहा वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "आधी उजवा गेला, मग डावा. मी शेजारी असले की कोपरानं खुणावते. बाकी ते ओठ बघून भागवतात."

"आणि माझी पोर त्यांच्या मागे बसवलीत?"

"तुला कळलं असतं, तर दिली असतीस त्यांच्या हाती?"

"नसती दिली! कशी देईन?"

"म्हणूनच," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. मला त्यांची दया आली नाही. मला नुसता संताप येत होता, आणि तो माझा मलाही येत होता. दहा वर्षं एका घरात राहून मला एवढं दिसू नये?

अण्णा दारात उभे होते. आमचे ओठ त्यांनी बघितलेच असणार. म्हणाले, "साधना, मी तिला कधी पडू दिलं नाही." आवाज नेहमीसारखाच मोठा, पण शेवटी फाटला.

मी त्यांच्या समोर गेले आणि त्यांना नीट दिसेल असं सावकाश म्हणाले, "अण्णा, जूनपासून मी सोडीन तिला."

त्यांनी मान हलवली. वाद घातला असता तर मला सोपं गेलं असतं.

शाळा उघडली त्या दिवशी सकाळी सायकल पुसलेली होती. धोतर इस्त्रीचं होतं. अण्णांनी स्नेहाचं दप्तर स्वतः आणून माझ्या हातात दिलं, आणि सायकल घेऊन भाजीला म्हणून निघून गेले.

आम्ही दोघी पायी निघालो. रविवार कारंजापाशी मागून ट्रकचा हॉर्न वाजला, आणि तिचा हात माझ्या पाठीवर पडला. एक थाप.

"मला ऐकू येतं गं, राणी," मी म्हटलं. "आता तुला हे करायला नको."

ती थोडी चालली आणि थांबली. भांडी बाजाराकडे वळणाऱ्या गर्दीत तिला धोतर दिसलं होतं, सायकलवरचं.

"आई," ती म्हणाली, "मग आता त्यांना कोण सांगणार?"