‘तिथून ये’ ही आज्ञा

चाळिशी उलटल्यावर, लेखनाचा कसलाही अधिकार नसताना लिहितो आहे, याबद्दल क्षमा असावी. मोरिवलीच्या कारखान्यांचा आंबूस वास आला की अंबरनाथच्या कॉलेजातली २००४ सालची तोंडी परीक्षा आठवते. उत्तीर्ण झालो तरच ठरलेली नोकरी मिळणार होती, मला आणि जांभूळ गावाहून येणाऱ्या माझ्या मित्रालाही. प्रकल्प म्हणून आम्ही एक छोटी संगणकभाषा रचली होती. तिच्यात ‘तिकडे जा’ ही नेहमीची आज्ञा नव्हती. माझ्या हट्टाने ‘तिथून ये’ घातली होती. एका ओळीवर पोचलेल्या प्रोग्रॅमला भलतीच ओळ परस्पर आपल्याकडे ओढून घेई. बाहेरून आलेले परीक्षक हसले. “म्हणजे बस विठ्ठलवाडीला पोचली, की बदलापूरचा स्टॉप तिला खेचून नेणार, आणि ड्रायव्हरला पत्ताच नाही? कुणाचं हे सुपीक डोकं?” मी खाली पाहत राहिलो. शेवटी मित्र म्हणाला, “माझं, सर.” तो नापास झाला, त्याची नोकरी गेली, माझी राहिली. निकालाच्या दिवशी तो एवढंच म्हणाला, “मला वाटलं, तू मध्ये बोलशील, यार.” त्या परीक्षकांपुढे न दिलेली कबुली आज तुमच्यापुढे देतो आहे, तिला आता काही अर्थ आहे का?